सोबतीला बुवा

महादेवाच्या डोंगराखाली वाट दुभंगते, तिथंच सासू-सुनेचं जुंपलं.

उजवीकडं सोंडेची वाट. ती सरळ कड्यावर चढते. सगळे सुटे दगड, मध्ये एका ठिकाणी तर साखळी धरून अंग वर ओढायचं; पण तासाभरात माणूस देवळापुढं उभा. डावीकडं लवणाची वाट. डोंगराच्या घडीघडीतून, सागाच्या सावलीनं, सासरी निघालेल्या लेकीसारखी रेंगाळत जाणारी. तिच्यावर पडायची भीती नाही. फक्त वर पोचेपर्यंत कीर्तन निम्मं होऊन गेलेलं असतं.

आणि रुखमाबाईंना तेच नको होतं. कार्तिकातल्या या सोमवारी दरसाल त्या पायथ्याच्या चिंचेखाली बसून वरच्या भोंग्याला कान लावत. अभंगाचं पहिलं चरण खाली येई, आणि नेमकं निरूपण वारा मध्य प्रदेशात घेऊन जाई. यंदा सून सुचितानं शाळेतून रजा काढून त्यांना वर न्यायचं कबूल केलं होतं.

"सोंडेनंच जाऊ," रुखमाबाई म्हणाल्या. "दहाले कीर्तन उभं राह्यते."

"आई, गुडघा पाहा आपला."

"देव नेते वर."

"देव वर नेते, पन खाली मलेच आना लागते," सुचिता म्हणाली. "साखळीपाशी पाय घसरला तं पुढचं कीर्तन तुमच्या तेरवीलेच."

"मंग बुवा तरी चांगला सांगजो," म्हणून रुखमाबाई हसल्या. पण नजर काही सोंडेवरून हटेना.

एवढ्यात मृदंग वाजला. डोणगावचे नारायणबुवा आले. आजचं कीर्तन त्यांचंच. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात वीणा, आणि वीणेच्याही पुढं पोट. मागं गळ्यात मृदंग अडकवून सहदेव. बुवांचा नेम सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. कीर्तनकारानं डोंगर सोंडेनंच चढायचा, आणि मुक्यानं चढायचा नाही. पावलागणिक नाम घ्यायचं.

लोकांनी वाट दिली. बुवांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि खणखणीत आवाजात गजर धरला. दुसऱ्या दगडावर आवाज बसका झाला. तिसऱ्यावर 'रामकृष्ण' एवढंच बाहेर आलं. 'हरी' आलाच नाही. समेची थाप मारायला उचललेला सहदेवचा हात तसाच अधांतरी राहिला.

"बुवा, थांबू का?" त्यानं हळूच विचारलं.

"थांबलं कोन? मी सृष्टी पाहून राह्यलो," बुवा म्हणाले, आणि मोठ्या आस्थेनं खालचा बंधारा न्याहाळू लागले.

रुखमाबाईंनी जन्मभर कीर्तनं ऐकलेली. गळा कुठं दाटतो नि दम कुठं तुटतो, ते त्यांना कळत होतं. बुवांच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत उतरला होता. हा माणूस साखळीपर्यंत गेला, तर आज डोंगरावर कीर्तन व्हायचं नाही, दुसरंच काही होईल. पण चारचौघांत 'जाऊ नका' म्हटलं की बुवा आणखी दोन दगड चढणार, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी पदर सावरला, हात जोडले.

"बुवा, एक मागनं आहे. मले या लवणाच्या वाटीचं भेव लागते. अस्वल फिरते म्हन्तात तिकडं. नाव घेनारं कोनी संगं असलं, तं पाऊल उचलीन मी."

सुचिता सासूकडं पाहतच राहिली. घटकेपूर्वी हीच बाई साखळी धरायला निघाली होती.

बुवांनी कड्याकडं पाहिलं. मग रुखमाबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"माउली भेलेली असताना मी नेम कवटाळून बसू?" ते म्हणाले. "चाला. सहदेव, उतर खाली."

सहदेव आधीच उतरला होता.

लवणाच्या वाटेवर बुवांचा आवाज परत आला. पाऊल, श्वास आणि नाम असं तिन्ही जुळलं, सहदेवची थापही समेवर पडू लागली. सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती.

"आई," सुचितानं कानाशी विचारलं, "अस्वलाचं कोनाकडून ऐकलं तुमी?"

"मी बुवाले सांगत होती तवाच ऐकलं."

"अन् तुमचं निरूपण? दहा तं आता अठीच वाजतीन."

पुढं एक ऐसपैस कातळ लागला, तिथं रुखमाबाई खुशाल बसल्या आणि शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, ठेचा, वर गुळाचा खडा. बुवाही बसले. भाकरीबरोबर त्यांना दृष्टांत सुचू लागले. कोणता आधी घ्यावा, कोणता मागं ठेवावा, हे ते रुखमाबाईंनाच विचारू लागले, आणि त्याही मोकळेपणानं सांगू लागल्या.

तेवढ्यात वरून धापा टाकत प्रसेनजित आला. उत्सवाचा सगळा कारभार त्याच्याकडं.

"बुवा, तुम्ही अठी? फोन लागत नाई कोनाचा. लोकं केव्हाची बसून आहेत. कीर्तन काऊन उभं नाई राहून राह्यलं, म्हून सारे मलेच धरून राह्यले."

बुवा लगबगीनं उठू लागले. रुखमाबाईंनी गुळाचा खडा त्यांच्यापुढं सरकवला.

"बसा बुवा, हे खाऊन घ्या," त्या म्हणाल्या, आणि प्रसेनजितकडं वळल्या. "तू हो पुढं, बापा. सांग त्यायले, कीर्तन लवणाच्या वाटीनं येऊन राह्यलं."