ओलीस

"माझी बोटं डबीत घालून तुमच्याकडे धाडली, त्या दिवशी तुम्ही काय जेवलात?" तोमिनारीने विचारले.

समोर चटईवर बसलेले सादाकागे सत्तरी ओलांडलेले. एके काळी त्यांच्या नावाने तीन प्रांत थरथर कापत. आता लढाई हरल्यावर शोगुनने त्यांना कैदी म्हणून मुलाच्याच पहाऱ्यात दिले होते.

"पेज," ते म्हणाले. "आणि मुळ्याचं लोणचं."

"घशाखाली उतरली?"

"उतरली."

"डोळ्यांत पाणी आलं?"

"रडणारा रडला असेल."

तोमिनारीने हातातला पंखा जमिनीवर आपटला. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या गेम्बाने मान खाली घातली.

गोष्ट सगळ्या मुलखाला ठाऊक होती. तोमिनारी तीन वर्षांचा असताना सादाकागेंनी तहासाठी त्याला शेजारच्या शत्रूकडे ओलीस ठेवले. सोबत एकटा गेम्बा, घरचा जुना शिपाई. दोन वर्षांत सादाकागेंनीच तह मोडला आणि चाल केली. शत्रूने पोराची दोन बोटे तोडून पाठवली, तरी फौज थांबली नाही. गेम्बा पोराला पाठीशी बांधून जळत्या गढीतून निसटला. तो पुन्हा सादाकागेंकडे गेलाच नाही. परमुलखात त्याने पोराला वाढवले, तलवार शिकवली आणि विशीत शोगुनपुढे नेऊन उभे केले.

सादाकागेंचे रक्त म्हणून शोगुनने त्याला खाडीकाठची दलदल दिली. तोमिनारीने बांध घातले, किल्ला उठवला, खाऱ्या जमिनीत भात पिकवला. संस्थान उभे राहिले. राग मात्र तसूभरही हलला नाही.

"शोगुनला लिहिलंय मी," तो म्हणाला. "कैद्याला पोट फाडून घेऊ द्या म्हणून."

गेम्बा गुडघ्यांवर पुढे सरकला. "सरकार, एवढं नका करू. म्हातारा जीव आहे, हिवाळाही काढायचा नाही."

"गेम्बाकाका, तुम्ही याची बाजू घेता? याची?"

"सरकार, मला एक सांगायचंय—"

"गेम्बा, गप्प बस!" सादाकागे कडाडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "किल्ला चांगला बांधलाय यानं. टिकला पाहिजे."

"माझ्या किल्ल्याचं कौतुक तुमच्या तोंडून नको!"

तेराव्या दिवशी परवानगी आली. सादाकागेंनी सकाळी अंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि कुणाकडे न बघता कट्यार उचलली. शेवटपर्यंत तोंडातून हूं की चूं नाही.

तोमिनारीला वाटले होते, आता छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. उलट डोके जास्तच भणभणू लागले. मठातून आलेली लाकडी पाटी त्याने पुढे ओढली. मेलेल्याचे नाव त्यावर लिहून देवळात ठेवायचे असते.

"नाव नाही लागणार याचं," त्याने कुंचला शाईत बुडवला. "एवढंच लिहितो, पोटचं पोर विकणारा."

गेम्बाने त्याचे मनगट पकडले. चाळीस वर्षांत त्याने धन्याला असा हात लावला नव्हता.

"खोटं लिहू नकोस," तो म्हणाला. "त्यांचा मुलगा तहाच्या आठ दिवस आधी देवी येऊन गेला. त्याच्या जागी पोटचं पोर विकलं ते मी."