रजेचा अर्ज

आखातातल्या अल ऐनच्या मशिदीत दाऊदभाई १९७९पासून वीस वर्षं बांग देत होते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला जायचं म्हणून जावई निसारने अरबीत रजेचा अर्ज लिहिला. त्यांनी बिनघोर सही केली. कुराण तोंडपाठ असलं, तरी कचेरीतली अरबी त्यांना उमगत नव्हती. आठवड्याने मशिदींचा कारभार पाहणाऱ्या औकाफ मंत्रालयाच्या साहेबांनी दोघांना बोलावून विचारलं, “बाबा, इस्तीफा क्यों? और अपनी जगह दामाद?” दाऊदभाईंनी वळून पाहिलं. निसार फरशीकडे बघत पुटपुटला, “अब्बा, तुम्हाला दिसतं कुठे? जागा परक्याला गेली असती.” “मागितली असतीस, तर मीच दिली असती.” साहेबांनी अर्ज उचलला. “धोका हुआ तो बोलो. कागज़ फाड़ दूँगा, इस दामाद को मुल्क वापस भेजूँगा.” दाऊदभाईंना पोटुशी लेक आठवली. “सही मेरी है, साहब.” जिन्यात निसारने पुढे केलेला हात झटकून ते कठडा चाचपत एकटेच उतरले.