कोंडाबाईंच्या भीतीचा अर्थ

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

प्रांतसाहेबांनी छापील लेख प्रतीक्षासमोर धरला. वर तिचंच नाव होतं.

"हो."

टेबलासमोर तीन खुर्च्या. एकीत भागवत, एकीत प्रतीक्षा. तिसरी रिकामी. कोंडाबाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या.

(सांगूनही खुर्चीवर बसल्या नाहीत. सवय सुटली असावी.)

अर्ज त्यांचाच होता. मुलानं घराबाहेर काढलंय, तीन वर्षं अंगणात झोपते, मला माझ्या घरात घ्या. एवढंच. घर भूकंपानंतर सास्तूरजवळच्या नव्या गावठाणात मिळालेलं, कागदावर अजून कोंडाबाईंच्याच नावाचं.

भागवतला ते मान्यच होतं. "सायेब, घर आईचंच हाय. म्या कशाला काढू? तिलाच छपराखाली भ्या वाटतं. ह्ये म्या न्हाय म्हणत, मॅडमनी लिव्हलंय. पीएचडी केलीय त्यांनी आईवर."

"केली न्हाय, चाललीय," कोंडाबाई खालून म्हणाल्या. "अजून पदवी कुठं मिळालीय तिला!"

मिळणार होती. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "'एकतीस वर्षांपूर्वी कोसळलेलं छप्पर या स्त्रीच्या मनात अजून कोसळतं आहे. अंगणात झोपणं ही तिची निवड आहे.' वा! मीही समाजशास्त्राचाच विद्यार्थी, मॅडम. आमच्या वेळी नुसती टक्केवारी. किती घरं पडली, किती माणसं गेली. माणसाला आतून काय वाटतं, हे कुणी विचारायचंच नाही."

प्रतीक्षानं विचारलं होतं. चार वेळा, चार दुपारी. तिची पद्धतच ती होती. माणसाला त्याचं जगणं कसं जाणवतं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि मग त्यात दडलेला अर्थ उलगडायचा. कोंडाबाई म्हणाल्या होत्या, "त्या दाराकडं बघितलं की छातीत धडधडतं." या एका वाक्यावर प्रतीक्षाच्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण उभं होतं.

अट एकच होती. आपल्या मनात आधीपासून जे असेल, ते त्या अर्थात मिसळू द्यायचं नाही. "सून म्हणजे खाष्ट, मुलगा म्हणजे बायकोच्या मुठीत, हे तू शहरातून डोक्यात घेऊन गेलीस," मार्गदर्शक म्हणाले होते. "तो तुझा पूर्वग्रह. वहीत लिही, पण कंसात टाक. कंसातलं प्रबंधात येता कामा नये."

तिनं टाकलं होतं.

(दाराला दिवसाढवळ्या कुलूप. किल्ली सुनेच्या कमरेला.)

(ताट खिडकीतून येतं.)

(उत्तर देण्याआधी कोंडाबाई दर वेळी भागवतकडं बघतात.)

(दंडावर वळ. पडल्या म्हणे.)

"साहेब," प्रतीक्षा म्हणाली. "मी लावलेला अर्थ चुकलाय."

भागवत खुर्चीत सरळ झाला. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, हे नोंदवलं तर तुमच्या पदवीचं काय होईल?"

"नोंदवा."

तिनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली. सावकाश वाचली. एका पानावर बोट ठेवलं.

"हे सगळं कंसात का?"

आता खोटं बोलता आलं असतं. चार दुपारी खरं ऐकायला म्हणून गेलेल्या बाईला ते जमलं नाही.

"जे माझ्या मनातलं आहे, त्यांचं नाही, ते वेगळं राहावं म्हणून."

"म्हणजे हे कोंडाबाईंचं नाही. तुमचं आहे."

साहेबांनी वही मिटून तिच्याकडं सरकवली आणि लेखामागचा कागद वर काढला. "यांचं हे आहे. 'वरील अर्थ मला वाचून दाखवला. तो मला मान्य आहे.' खाली अंगठा."

तोही पद्धतीचाच भाग. लावलेला अर्थ बोलणाऱ्याकडं परत न्यायचा, त्याची मान्यता घ्यायची. त्या दिवशी शेवटची एसटी चुकत होती. प्रतीक्षानं कागद भागवतच्या हातात दिला होता. तेवढं आजींना वाचून दाखवा.

"रेशनचा कागद म्हणला की रं तू," कोंडाबाई म्हणाल्या.

भागवत खिडकीबाहेर बघत होता. "इसरती ती, सायेब. वय झालं."

कोंडाबाई भिंतीला धरून उठल्या. "सायेब, ह्यानं अन् सुनंनं मला हाताला धरून भाईर काढलंय. मला छपराचं भ्या न्हाय. ह्या दोघांचं हाय."

"आजी," साहेब मायेनं म्हणाले. त्यांचा स्वर खरंच मायेचा होता. "अशी भीती लई खोल असते. ज्याची असते त्याला ती कळत नाही."

"मग माजी भीती मला कळाय म्या किती शाळा शिकाय पायजे?"

कारकून हसला. साहेबांनी बघितल्यावर गप्प झाला.

मग आदेश झाला. साहेब सांगत गेले, कारकून टाइप करत गेला. शिक्का बसला. भागवतनं हात जोडले.

"काय लिव्हलंय?" कोंडाबाईंनी विचारलं.

साहेबांनी कागद प्रतीक्षाच्या हातात दिला. पुढची माणसं दारात ताटकळली होती. "मॅडम, तुम्ही सांगा त्यांना. तुमची सवय आहे."

प्रतीक्षानं वाचलं. *अर्जदार महिलेच्या अनुभवाचा आदर राखून तिच्यावर छपराखाली राहण्याची सक्ती करण्यात येऊ नये. मुलाने अंगणात चांगली बाज व मच्छरदाणी पुरवावी.* तिनं पुन्हा वाचलं. दुसरा काही अर्थ निघतो का बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यापुढं असा मजकूर आला होता ज्याचा एकच अर्थ होता.

ती कोंडाबाईंजवळ जाऊन उभी राहिली.

"सांग की बाई."

"तुमच्या मनासारखं झालंय, आजी," प्रतीक्षा म्हणाली. "असं लिहिलंय."