जुलैतल्या बर्फाचं बोलावणं

श्रीहरीनं न्यूझीलंडहून आईबाबांना लिहिलं होतं, ‘जुलैत इकडे हिवाळा असतो. दोघंही या. फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायला शिकवणारा गाईड ठरवलाय.’

माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले देवराव बायकोला म्हणाले, “या वयात हाडं मोडून घेतं का वो?”

“मोडली त मोडली! पोरानं बलावलं, मले जाचंच हाय,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

मेच्या भर उन्हात त्या हौसेनं पासपोर्टचा फोटो काढायला चंद्रपूरला गेल्या. तिथल्या बसस्टँडवर ऊन लागून पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

‘आई गेली’ एवढ्याच तारेवर श्रीहरी निघाला. चौथ्या दिवशी दारात येताच त्यानं विचारलं, “बाबा, आई गेली कशी?”



देवरावांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “घरीच गेली बापू, झोपेत.”