धुळीची अंघोळ

ओल्या फडक्याने पुसल्यावर धाकटीची लव आणखीच चिकटली. राखाडी अंगावर तेलकट बटा उठल्या आणि ती पिंजऱ्यातल्या लाकडी खोक्याआड जाऊन थरथरत बसली. पाथरवटाच्या बायकोने चोरी पकडली गेल्यासारखं फडकं पाठीमागे लपवलं.

चिंचिला घरी येऊन आज आठ दिवस झाले होते. दोघी सख्ख्या बहिणी. सशाचे कान, उंदराच्या मिशा, खारीची शेपटी. देवाने उरल्यासुरल्या सामानात भागवलेलं दिसत होतं. पाथरवट त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. बापाला दिवसभराची सोबत हवी, पण मांजराचे केस त्याच्या छातीला चालायचे नाहीत, म्हणून लेकीने शोधशोधून हा केस न गळणारा प्राणी काढला होता. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या बाईने बजावलं होतं की, पहिले काही दिवस हात लावू नका, नुसते जवळ बसा आणि हळू बोला. हळू बोलणं पाथरवटाला आयतंच जमत होतं, कारण चार शब्दांनंतर त्याला श्वासासाठी थांबावंच लागे. काल धाकटीने त्याच्या बोटांतून गवताची काडी ओढून घेतली आणि ही गोष्ट त्याने बायकोला तीनदा सांगितली.

तिसऱ्यांदा ऐकताना तिने मान वर केली नव्हती. निवाऱ्यातल्या बाईने पिंजऱ्याबरोबर एक डबाही दिला होता आणि तो तिने वर आणलाच नव्हता. डब्यावर लिहिलं होतं: अंघोळीसाठी दगडाची भुकटी. ते वाचून तिने डबा जिन्याखाली, जुन्या बुटांच्या मागे सारला होता. या घरात चार वर्षांत झाडू फिरला नव्हता, सगळं ओल्या फडक्याने पुसलं जाई. त्याआधीची तीस वर्षं, तो दगड कापून घरी आला की ती त्याला उंबऱ्याबाहेरच अडवायची. "तिथंच थांबा. आधी कपडे झटका." मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणायची, "केस राहिले." घरात तिने कण येऊ दिला नाही. जो यायचा तो त्याच्या छातीत बसून आला.

स्वयंपाकघरात जाऊन तिने दबक्या आवाजात निवाऱ्यात फोन लावला. पाणी त्यांना अजिबात चालत नाही, आतली लव वाळत नाही, बाई म्हणाली. धुळीतच लोळू द्यायचं, आठवड्यातून दोनदा तरी. नाहीतर कातडी खराब होते. तसं असेल तर आम्हाला जमायचं नाही, उद्या दोघींना परत आणून देते, असं सांगून तिने फोन ठेवला आणि वळली. दारात चौकट धरून पाथरवट उभा होता.

"कुणाला परत देतेस?"

मग तिने सगळं सांगून टाकलं. डबा, जिना, फडकं. तो रागावला नाही. रागालाही श्वास लागतो आणि तो आता जपून वापरायला शिकला होता.

"भुकटी किती बारीक आहे?" एवढंच त्याने विचारलं.

"मैद्यासारखी, असं लिहिलंय."

"मग लवकर बसायची नाही. अर्धा तास धर."

नव्या कामगाराला शिकवावं तसं तो तिला तुकड्यातुकड्याने सांगत गेला. गॅलरीत कर. जाळीच्या खिडक्या सताड उघड. काचेच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल दाब. नाकावर मास्क लाव, एक नाही, दोन. आम्ही नुसता रुमाल बांधायचो. मग तो खुर्चीत टेकला.

"आणि पिंजरा आता तिकडेच राहू दे. त्यांच्या अंगाला लागून भुकटी येणारच. मी काचेतून बघेन."

"आणि काडी?"

"काडी तू देत जा."

ऊन उतरल्यावर तिने पिंजरा गॅलरीत नेला, खोलगट काचेच्या भांड्यात भुकटी ओतली आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. थोरलीने हुंगून पाहिलं, एक पाय आत टाकला आणि धाडकन कुशीवर पडली. धाकटीला आपली पाळी येईपर्यंत धीर निघाला नाही, तिनेही वरून उडी घेतली. दोघी अशा गरागरा लोळल्या की गॅलरीभर पांढरा ढग उठला आणि काचेपलीकडचा नवरा दिसेनासा झाला. ती दाराजवळ सरकली. तो काचेला कपाळ टेकून हसत होता.

"चला," त्याचा आवाज काचेतून बारीक आला, "कुणाला तरी मानवली."

तिला रडू आलं आणि दोन मास्कमुळे नाकही पुसता येईना.

अर्धा तास ती तिथेच उभी राहिली. धूळ हळूहळू बसली. धाकटी आता पिंजलेल्या कापसासारखी फुलली होती आणि तिच्या पायाशी येऊन चपलेचा पट्टा चाखून बघत होती. तिने दोघींना पिंजऱ्यात घातलं आणि काचेच्या दाराची मूठ दाबली. मूठ हलेना. आतून त्याने धरून ठेवली होती.

"तिथंच थांब. आधी कपडे झटक."

तिने बाह्या झटकल्या, खांदे झटकले, वळून पाठही दाखवली. पाथरवटाने तिला सावकाश, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"केस राहिले," तो म्हणाला.