सातच्या वरचा

"मग मोठा भूकंप कधी येणार?" पप्पांनी एम्पानादा, म्हणजे आमची खिम्याची करंजी, मोडत मला मागणी घालायला आलेल्या रेनातोला विचारलं. जुन्या भूकंपांवरून पुढच्यांचा अंदाज बांधणं हीच त्याची नोकरी.

"तारीख नाही सांगता येत, डॉन अन्सेल्मो. आपल्या किनाऱ्याला सातच्या वरचा सरासरी पंचवीस वर्षांनी येतो. उद्याही येईल, नाहीतर चाळीस वर्षं येणारच नाही."

"ठरलं! तो आला की माझी मुलगी तुझी. सातच्या खालच्याला आम्ही चिलीत भूकंप म्हणत नाही."

"पप्पा, तोवर मी म्हातारी होईन!"

वर्षभर दर रविवारी पप्पा विचारायचे, "काय रे, आला का?" आणि दर रविवारी रेनातो निमूटपणे जेवायला यायचा.

काल जेवताना चमचे वाजायला लागले. कुणी उठलं नाही. आमच्याकडे आधी अंदाजानं भूकंपाचा आकडा ओरडायचा असतो.

"साडेचार!" आई.

"पाच!" मी.

पप्पांचा आकडा आजवर कधी चुकलेला नाही. ते टेबलावर मूठ आपटून गरजले, "सात!"

रेनातोनं फोन बघितला. गाढव कुठला, खोटं बोलताच येत नाही त्याला. "चार पूर्णांक आठ, डॉन अन्सेल्मो."

"यंत्र बिघडलंय तुमचं! मी सांगतो ना, सात! चर्चला फोन लावा, तारीख घ्या!"

आई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मी सगळ्यांसमोर रेनातोच्या गळ्यात पडले. पप्पांनी समोरचा ग्लास उचलला. तो काठोकाठ भरलेला होता, आणि खालच्या पांढऱ्या कापडावर वाईनचा एक थेंबही नव्हता.