आडवा दांडा

किसनरावांनी गाडी हैदरच्या गॅरेजसमोर उभी केली, पण ते उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "तो दांडा आला होता ना? लावून दे."

हैदर हात पुसत बाहेर आला. डावीकडच्या सीटवर लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं होतं. त्याला सीटचा पट्टा लावलेला होता. तीन दिवस ते किसनरावांच्या दारातल्या कडूलिंबाला टांगलेलं होतं. अस्थी घरात नेत नाहीत. हैदर त्यांच्याच गल्लीत राहायचा. जाता-येता त्यानं ते पाहिलं होतं.

"आता कायले किसनभाऊ?" तो म्हणाला. "मी वापस पाठवून देतो तो."

"लाव."

दांडा म्हणजे बॉनेटखाली आडवा बसवायचा एक लोखंडी बार. दोन्हीकडच्या शॉकअपची डोकी त्यानं एकमेकांना बांधली जातात आणि वळणावर गाडीचं अंग पिळत नाही. किसनरावांची गाडी लहान, जुनी. बायकोचं, मनकर्णाबाईंचं, दुखणं हाडात उतरलेलं. दर पंधरा दिवसांनी त्यांना नांदुऱ्याहून बुलडाण्याच्या दवाखान्यात न्यावं लागे. राजूरच्या घाटात गाडी कलली की त्या पदराचं टोक दातात धरायच्या. किसनराव म्हणायचे, "पुढच्या खेपेले हलनार नाही. माहा शब्द हाय."

नवे शॉकअप महिन्यामागंच टाकून झाले होते. बार तेवढा राहिला. हैदरनं मागवलेला पहिला बार दुसऱ्या मॉडेलचा निघाला, भोकं जुळली नाहीत. तो परत करून दुसरा येईस्तोवर तीन आठवडे गेले. दुसरा आला तो मनकर्णाबाई गेल्या त्या दिवशी. हैदरनं खोकं न उघडता टायरांच्या मागं सरकवून ठेवलं होतं.

आता त्यानं ते ओढून काढलं. किसनराव त्याला काही बोलले नव्हते. तेव्हाही नाही, आताही नाही.

तेवढ्यात दयाराम मोटरसायकलवर आला. हा किसनरावांचा पुतण्या. काकूला अग्नी यानंच दिला होता.

"काका, जीप कवाचीच गेली. पैनगंगेवर सारे वाट पाहून राह्यले. आन् तुमी गॅरेजात?"

"अर्धा घंटा."

"आता राखच तं हाय काका. काकूले आता काय दुखते?"

किसनरावांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "घाटावरची पोरगी होती ते," ते म्हणाले. "माह्यासंगं घाट उतरून आली. वर नेऊन सोडतो तिले. हलू न देता."

दयारामनं मोटरसायकल स्टँडवर लावली आणि जाऊन बॉनेट धरलं.

बार या वेळी बरोबर बसला. सहाही नट हातानं फिरले. हैदरची एक रीत होती. शेवटचे आटे देताना गाडीत रोजची माणसं बसवायची, म्हणजे वजन पडून गाडी आपल्या जागी बसते. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो तेच तो बोलून गेला.

"बसूनच राहा भाऊ. आन् डावीकडं जे कोनी रोज बसते, त्याले भी..."

तो थांबला.

"हाय ना बसलेली," किसनराव म्हणाले.

हैदरनं मान खाली घातली आणि नट आवळले. एक, दोन, तीन. मग दुसऱ्या बाजूचे.

"स्टेशनकडून एक चक्कर मारून या," तो म्हणाला.

पाच मिनिटांनी गाडी परत आली. हैदरनं खिडकीत वाकून विचारलं, "झोल गेला?"

"हाव. तसूभर हलली नाही."

हैदरला जरा बरं वाटलं. पण किसनराव गाडीही बंद करेनात आणि निघेनातही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते समोर बघत होते.

"डावीकडं वळलं का ते माह्या अंगावर येये," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांत चारचौघांत कधी जवळ बसली नाही. घाटात तेवढी टेके खांद्याले. दुखत असे, तरी हासे. म्हने, मी नाही आली, तुमची गाडीच टाकते मले."



हैदरच्या हातात पाना तसाच होता. "दोन आटे ढिला करू का भाऊ?" त्यानं हळू विचारलं.

किसनरावांनी मडक्याकडं पाहिलं. फडक्याची सुटलेली गाठ एका हातानं नीट खोचली.

"नोको," ते म्हणाले. "तिले दुखते."

गाडी निघाली. मागून दयारामची मोटरसायकल. गॅरेजपासून शंभर पावलांवर मोताळ्याच्या रस्त्याला डावं वळण आहे. हैदर रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत होता. गाडी वळणात शिरली, जरासुद्धा कलली नाही. मागच्या काचेतून किसनरावांचं पांढरं डोकं दिसत होतं. ते हळूच डावीकडं गेलं, पार दोन सीटांमधल्या फटीपर्यंत, आणि वळण संपून रस्ता सरळ झाला तरी तिकडंच राहिलं.